कासवाने सोडलेले राजे

१

दादाच्या साडेचार लाख चिप्स सोमवारी दुपारी चार वाजून बावन्न मिनिटांनी संपल्या, आणि बुधवारी सकाळी माझा भाचा ती बातमी घेऊन दारात उभा राहिला. चेहरा असा की मला वाटलं, दादाच गेला.

चिप्स खोट्या होत्या, हे आधीच सांगते. साडेचार लाख असल्या तरी बाजारात त्यांची काडेपेटीही आली नसती. माझा थोरला भाऊ वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झाला आणि तेव्हापासून अकरा वर्षं टॅबवर पोकर खेळतो. ॲप पैशांऐवजी फुकट चिप्स, म्हणजे नुसत्या चित्रातल्या चकत्या, देतं, त्यावर खेळायचं. त्याने त्या कणाकणाने जमवल्या होत्या. पाच महिन्यांपूर्वी त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात आणि डोळे राहिले. लिहून दाखव म्हटलं की तो तोंड फिरवायचा. डोक्यात किती राहिलं, हाच तर वाद होता.

मी एकतीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले. कुणाचं गोदाम जळलं आणि कुणी जाळलं, ते मला दारातूनच समजायचं. त्यामुळे आमच्या घरात कानातलं हरवलं तरी बोलावणं मलाच येतं.

भाच्याने टेबलावर कागद पसरले. तो स्वतः हौसेने खेळतो, म्हणून मास्तरासारखं समजावत होता. पोकरात प्रत्येकाला दोन पानं मिळतात. ती बघून ठरवायचं, डावात उतरायचं की पानं टाकून द्यायची. शंभर डावांपैकी माणूस कितींमध्ये उतरतो, तो आकडा ॲप जपून ठेवतं आणि त्यावरून माणूस ओळखता येतो. कमी उतरतो तो आवळून खेळणारा. कुठल्याही पानांवर उतरतो तो सैल हाताचा. दादाचा आकडा अकरा वर्षं चौदा होता. मित्रांनी त्याला कासव म्हणायला सुरुवात केली, आणि ॲपवर त्याने तेच नाव घेतलं.

गेल्या तीन महिन्यांत कासवाचा आकडा त्रेचाळीस झाला होता.

"आत्या, हे बाबा नाहीत," भाचा म्हणाला. "एक तर ती बाई त्यांच्या नावाने खेळतेय, नाहीतर बाबांचं डोकं गेलंय. अकरा वर्षांची सवय माणूस अशी मोडत नाही."

बाई म्हणजे दिवसभर दादाजवळ थांबणारी मदतनीस. ती खेळत असेल तर तिला काढायचं, एवढं सोपं होतं. पण डोकं गेलं असेल तर पुढचं ठरलेलं होतं. गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात दादासाठी एक खाट राखून ठेवली होती आणि शनिवारी बारापर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. भाचा वाईट नाही. बाबांना काहीच कळत नसेल तर तिथे त्यांची जास्त चांगली देखभाल होईल, आणि कळत असेल तर त्यांना घराबाहेर काढण्यासारखं पाप नाही, असं तो म्हणत होता.

"आईला यातलं काही बोलू नकोस," जाताना त्याने बजावलं. "तिला पत्त्यांचं नावही सहन होत नाही."

तो गेल्यावर मी शेवटचा कागद पाहिला. दादाच्या सगळ्या चिप्स एकाच खेळाडूकडे गेल्या होत्या. त्याचं नाव होतं पाहुणा ४४७१, आणि हा पाहुणा दादाखेरीज जगात कुणाशीही एक डाव खेळला नव्हता.

२

दुपारी मी दादाकडे गेले. खिडकीजवळच्या पलंगावर तो उशांना टेकून बसला होता, समोर स्टॅण्डवर टॅब. मला पाहून डावा हात उचलला. लहानपणी हा माणूस मला एक डाव जिंकू द्यायचा नाही. मी रडले तरी नाही. नियम म्हणजे नियम, म्हणायचा. मी त्याचा हात धरून जरा वेळ बसले आणि त्याच्या डोळ्यांत शोधत राहिले. डोळे स्वच्छ होते. पण स्वच्छ डोळ्यांनी मला नोकरीत पुष्कळदा फसवलं आहे, त्यामुळे तेवढ्यावर निकाल देणं शक्य नव्हतं.

बाई चाळिशीची, हडकुळी, हाताने हलकी. दादाची कूस बदलताना त्याला एकदाही कण्हू दिलं नाही. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, टॅबवर तुम्हीही खेळता का? नाही म्हणाली, आणि ते खरं वाटलं. मग विचारलं, चार ते पाच तुम्ही कुठे असता? कारण पाहुण्याचे सगळे डाव त्याच तासातले होते.

"इथेच असते, खोलीत," बाई म्हणाली आणि औषधांचा डबा विनाकारण पुन्हा लावायला घेतला.

ते साफ खोटं होतं. पुढे कितीही खोदलं तरी तिने तोंडात मिठाची गुळणी धरली.

स्वयंपाकघरात वहिनी होती. वहिनीने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. खोटं बोलायला गेली की कान लाल होतात, म्हणून बिचारी त्या वाटेला जात नाही. टेबलावर बटणांचा डबा उपडा केलेला होता, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: एक जोडी, दोन जोड्या, तीन सारखे, पाच एका रंगाचे.

"कुणाची ऑर्डर घेतलीस या वयात?" मी विचारलं.

"असंच आपलं, नातीचा फ्रॉक," ती म्हणाली आणि बटणं डब्यात लोटली. चहा देताना दादाच्या टॅबकडे मानेने खूण करून म्हणाली, "आमची सवत कशी आहे? बसली असेल मांडीवर."

तिचा पत्त्यांवरचा राग जुना आहे. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी भाच्याच्या वेळी ती दोन रात्री दवाखान्यात कळा देत होती आणि दादा मित्रांकडे पत्ते कुटत होता. तो पोचला तेव्हा मूल आंघोळ घालून दुपट्यात गुंडाळलेलं होतं. त्या दिवसापासून त्या घरात पत्त्यांचा जोड शिरला नाही. निवृत्तीनंतर टॅब आला, तेव्हा दादा दार लोटून खेळायचा आणि वहिनी त्या दाराकडे पाहायची नाही.

संध्याकाळी सूनबाई कामावरून सुटली तेव्हा मी तिला वाटेत गाठलं. तिच्यावर माझा संशय होता, खोटं कशाला सांगू. खोली मोकळी व्हावी असं तिला वाटत असेल, असं मनात आलं. ती म्हणाली, "आत्या, मी थकलेय, हे खरं आहे. पण ते गेले तर सासूबाई कोलमडतील, आणि ते मला जास्त जड जाईल." मग उगाच जाता जाता म्हणाली की सासूबाईंचा फोन हल्ली रोज संध्याकाळी मेलेला असतो, त्यांच्यासाठी नवा चार्जर आणायला हवा.

मी घरी आले ते बाईचाच विचार करत. खोलीत असते म्हणाली. पण चार वाजून गेल्यावर मी दादाकडून निघाले तेव्हा दारातल्या चपलांमध्ये तिच्या चपला नव्हत्या.

३

गुरुवारी पावणेचारला मी त्यांच्या घरासमोरच्या बागेत वर्तमानपत्र उघडून बसले. या वयात हे शोभत नाही, पण सवय जात नाही. चार वाजता बाई बाहेर आली, माझ्यापासून तीन बाकं सोडून बसली, पिशवीतून जाडजूड पुस्तक काढलं आणि पाचला पाच कमी असताना उठून आत गेली. मधल्या वेळात तिने फोन हातातही घेतला नाही. माझ्या फोनवर भाच्याने दादाचं खातं उघडून दिलं होतं. त्यात कासव आणि पाहुणा सव्वाचारपासून खेळत होते. ॲप रोज थोड्या चिप्स फुकट देतं, त्यावर.

म्हणजे बाई सुटली. आणि भाच्याच्या हिशोबाने आता एकच उत्तर उरलं होतं. लहानपणी मला एक डाव न सोडणारा माझा भाऊ टॅबवर वेड्यासारखी बोटं मारत असेल, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

तिथून उठून मी दातवाल्याकडे गेले. हा दादाचा मित्र, पेशाने दातांचा डॉक्टर. अकरा वर्षं ॲपवर सहा मित्रांचं एक टेबल जमायचं, त्यातला एक. दादा आजारी पडल्यावर त्यांनी प्रत्येक पाळीच्या वेळेची मर्यादा वाढवली होती, पण एका बोटाने खेळताना सगळे आपल्यासाठी खोळंबतात याची दादाला लाज वाटली असावी. त्याने टेबल सोडलं. हे सांगताना दातवाला चष्मा पुसत राहिला.

मी त्याच्यापुढे कागद ठेवले. चौदा आणि त्रेचाळीस. ते बघून तो हसायला लागला.

"ताई, तुमचा भाचा सहाच्या टेबलावर खेळतो ना? मग त्याची हीच चूक होणार."

त्याने समजावलं ते असं. प्रत्येक डावात दोघांना पानं बघण्याआधीच थोड्या चिप्स मध्ये टाकाव्या लागतात. सहाजण असले की ही पाळी कधीमधी येते, त्यामुळे चांगल्या पानांची वाट बघत बसणं परवडतं. दोघंच असले की ती पाळी प्रत्येक डावात येते. वाट बघत बसलं तर चिप्स बसल्या जागी झिजतात. म्हणून दोघांच्या टेबलावर सगळेच जास्त डावांत उतरतात.

"मी दोघांत खेळलो तर शंभरातले सत्तर खेळतो. त्रेचाळीस म्हणजे अगदी हात आखडून. आकडा बदलला कारण टेबल बदललं. कासव तिथेच आहे, ताई, तसूभर हललेलं नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

पण दातवाल्याचं हसू मात्र एकाएकी मावळलं. पहिल्या तीन आठवड्यांतले डाव तो बोटाने मोजत होता. कासवाच्या हातात दोन राजे, याहून बरी जोडी फक्त दोन एक्क्यांची. समोरून पाहुण्याने चिप्स पुढे सरकवल्या, आणि कासवाने राजे टाकून दिले. असं एकदा नव्हे, तीनदा.

"हे आवळून खेळणंही नाही आणि सैल खेळणंही नाही," तो म्हणाला. "हे मुद्दाम हरणं आहे."

४

मग आम्ही दादाचे आकडे बाजूला ठेवून पाहुण्याचे काढले. भाच्याने इतका विचार बापाचा केला की समोरच्याकडे बघायचंच राहून गेलं होतं. पाहुणा पहिल्या आठवड्यात शंभरातले शहाण्णव डाव खेळला होता. पान कसलंही असो, उतरायचं. पुढे ऐंशी, मग एकाहत्तर, आता अठ्ठावन्न.

"हा नवशिका आहे, आणि शिकतोय," दातवाला म्हणाला. "आधी तीन आठवडे कासवाने याला जिंकू दिलं. नंतर सोडायचं बंद केलं. जसजसा पाहुणा सुधारला तसतसा कासव कडक झाला. डोकं गेलेल्या माणसाला हे जमत नाही, ताई. मला जमेल की नाही, सांगता येत नाही."

सोमवारचा शेवटचा डाव आम्ही दोनदा पाहिला. पाहुण्याने त्याआधी ओळीने नऊ डाव पानं टाकून दिली होती. शहाण्णववाला माणूस आता वाट बघत बसला होता. दहाव्या डावात कासवाला पुन्हा दोन राजे आले. या वेळी त्याने ते सोडले नाहीत, असतील नसतील त्या चिप्स लावल्या. पाहुण्याने दोन एक्के उघडे केले. कासव खराखुरा हरला होता, आणि हरल्यावर त्याने टाळ्यांचं चित्र पाठवलं होतं.

निघताना दातवाल्याने आठवण म्हणून सांगितलं की दादा प्रत्येक खेळाडूवर टिपण ठेवायचा. खेळाडूच्या नावावर बोट दाबून धरलं की ते उघडतं, आणि त्याच टॅबवर दिसतं. "माझ्यावर लिहिलं होतं, पानं चांगली आली की याला घाई सुटते. खरं होतं हो."

बसमध्ये मी वेळा पाहत बसले. रोज चारच्या सुमारास सुरुवात, पाचच्या आत शेवट. आणि रोज, अगदी रोज, साडेचारला पाहुणा थांबायचा. पाच-दहा सेकंदांत कासवही थांबायचा. आठ मिनिटांनी दोघं पुन्हा सुरू.

त्या घरात साडेचारला काय होतं ते मला माहीत होतं. भाच्याला फोन करून मी उद्या चारला घरी यायला सांगितलं, आणि दार वाजवू नकोस, किल्लीने उघड, असंही.

५

शुक्रवारी आम्ही दोघं चोरासारखे आत शिरलो आणि बोळकंडीत पडद्याआड उभे राहिलो. तिथून डावीकडे स्वयंपाकघर दिसतं आणि उजवीकडे दादाची खोली.

वहिनी टेबलाशी बसली होती. चष्मा नाकावर, फोन हातात, पुढ्यात बटणांचे लहान लहान ढीग. एक बटण उचलायची, परत ठेवायची, ओठ हलवत कॅलेंडरवरची यादी वाचायची. एक जोडी, दोन जोड्या, तीन सारखे. मी ते फ्रॉकसाठी समजले होते. एकतीस वर्षांच्या अनुभवाला त्या क्षणी मी मनात हात जोडले.

साडेचार वाजले. वहिनीने फोन पालथा ठेवला, गोळी आणि पाण्याचं भांडं घेतलं आणि चेहरा जमेल तितका कोरा केला. कान लाल होते. उजवीकडच्या खोलीत दादाने डाव्या हाताने टॅब भिंतीकडे वळवला, मान कलती केली आणि डोळे मिटले.

"अहो, उठा. गोळी," वहिनी म्हणाली.

दादा झोपेतून जागा झाल्यासारखा जागा झाला. तिने गोळी दिली, तोंड पुसलं, उशी सारखी केली. दोघांपैकी एकानेही टॅबकडे पाहिलं नाही. ती परत स्वयंपाकघरात गेली आणि भाच्याने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

त्याला आकड्यांचं मी आदल्या रात्रीच फोनवर समजावलं होतं. बाई गप्प होती कारण, हे वहिनीनेच मला नंतर सांगितलं, तिने बाईला शपथ घातली होती. वहिनीच तिला तासभर बागेत पाठवायची, आणि फोनवर ॲप घालून दादाच्या टेबलाशी जोडून दिलं होतं ते बाईनेच. रुग्णाला सोडून बाहेर जाते म्हणून नोकरी जाईल हे माहीत असून ती बोलली नव्हती.

"पण बाबांना माहीत आहे का, समोर कोण आहे?" भाच्याने कुजबुजत विचारलं.

त्याचं शनिवारचं उत्तर या एका प्रश्नावर अडलं होतं. समोर कुणीही असलं तरी खेळत राहणारं नुसतं सवयीचं बोट, की बायकोला ओळखणारा माणूस?

आम्ही खोलीत गेलो. मी दादाला म्हटलं, "तुझं टिपण बघू?" त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, आणि एकदा डोळे मिटून उघडले. आमच्यात त्याचा अर्थ हो. मी टॅब वळवला आणि पाहुण्याच्या नावावर बोट दाबून धरलं. एका डाव्या बोटाने, कितीतरी दुपारी लागून लिहिलं असणार. तारखा होत्या. भाच्याने वाचलं, मी ऐकलं.

"पहिल्यांदा खेळतेय. भीते. जिंकू द्यावं, नाहीतर सोडून देईल."

"थापा मारता येत नाहीत. कधीच येत नव्हत्या."

"साडेचारला गोळी. तेव्हा झोपलेलं असावं."

"दवाखान्यात दोन रात्री एकटी होती. आता रोज माझा एक तास तिला."

"थांबायला शिकली."

शेवटचं सोमवारचं होतं. "राजे सोडले नाहीत. तरी हरलो. फार बरं वाटलं."

त्या दोन रात्रींनंतर जन्मलेला तो अठ्ठेचाळीस वर्षांचा मुलगा पलंगाच्या कडेला बसला आणि बापाच्या निकाम्या उजव्या हातावर डोकं ठेवून रडला. दादाने डावा हात कसाबसा पलीकडून आणून त्याच्या डोक्यावर ठेवला.

मग भाचा बाहेर गेला आणि शनिवारची वाट न बघता शुश्रूषागृहाला फोन केला. ती खाट दुसऱ्या कुणाला द्या, म्हणाला. बागेत जाऊन बाईची माफी मागितली आणि चार ते पाच हा तिचा सुट्टीचा तास, असं ठरवून आला. कशासाठी ते त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

मी स्वयंपाकघरात डोकावले तेव्हा वहिनी दचकली. फोन पदराखाली गेला, पण माझी नजर बटणांवर होती. तिने ओळखलं आणि हताश होऊन खुर्चीत बसली.

"काय करू ग," ती म्हणाली. "बोलायचे बंद झाले. दिवसभर त्या टॅबच्या पाटीकडे बघतात. म्हटलं, ते इकडे येत नाहीत तर आपण तिकडे जावं." मग म्हणाली, "सगळ्या चिप्स मी जिंकले ग त्यांच्या. परत कशा द्यायच्या ते बाईलाही येत नाही."

"राहू देत तुझ्याकडे."

"ह्यांना सांगू नकोस हं, पाहुणा मी आहे म्हणून. कळलं तर मोकळेपणाने खेळायचे नाहीत."

"नाही सांगत," मी म्हटलं.

एकतीस वर्षं लोकांची लपवालपवी उघडी पाडून मी पगार घेतला. ही एक मात्र दोन्ही बाजूंनी झाकून ठेवायची आहे, आणि कानांचा रंग बदलू न देता. वहिनीने घड्याळात पाहिलं. गोळीनंतर आज आठाऐवजी वीस मिनिटं गेली होती. तिने फोन सुलटा केला, चष्मा वर सरकवला आणि मला हाताने गप्प राहायची खूण केली. तिची पाळी होती.